बिनतक्रारीचा अर्ज

मंडीच्या रस्त्यावर सोयाबीनच्या ट्रॉल्यांची रांग लागली, हवेत ती पिवळट धूळ तरंगायला लागली आणि पहाटे पंखा बंद करावासा वाटला, की मी समजून जाते, आता मुलं येणार. दसरा सरतो न सरतो तोच फाटकाची कडी वाजते. बाहेर आमच्याच कॉलेजातलं नाहीतर गल्लीतलं कुणीतरी उभं असतं, हातात मोबाइल आणि तोंडावर बारा वाजलेले. ‘मॅम, वो पाँच सौ शब्द लिखने हैं। अपने बारे में।’

अपने बारे में! बारा वर्षं शाळेने यांच्याकडून गायीवर लिहून घेतलं, पावसाळ्यावर लिहून घेतलं, विज्ञान शाप की वरदान तेही लिहून घेतलं, आणि सतराव्या वर्षी कुणीतरी एकदम विचारतं, बाई गं, तू कोण? पोरं गांगरणार नाहीत तर काय! स्कॉलरशिपचा फॉर्म, बाहेरगावच्या कॉलेजचा फॉर्म, सगळ्यांना ते पाचशे शब्द हवेतच. हल्ली काही जण मोबाइलकडूनच लिहून आणतात. इतकं गुळगुळीत, की त्यावर माशी बसली तरी घसरून पडेल. मी वाचते, कागद बाजूला ठेवते आणि म्हणते, ‘अब बोलकर बताओ।’ मग ते बोलतात. एकदा बोलून झालं की म्हणते, ‘फिर से।’ पोरं वैतागतात. वैतागू देत. तिसऱ्यांदा सांगायला लावल्याशिवाय मी पेन उचलत नाही. ही रीत माझी नाही, बाबांची आहे. ते व्हरांड्यातल्या खुर्चीत बसून आमचं ऐकत असतात, आणि पोरगं गेलं की तिथूनच विचारतात, ‘निघालं का गं काही?’

बाबा अर्ज लिहायचे. तो त्यांचा धंदा होता. कधीकाळी आमचे पूर्वज सरकारस्वारीच्या, म्हणजे इथल्या संस्थानाच्या, दफ्तरात लेखणी घेऊन या उज्जैनच्या मुलखात आले. दफ्तर गेलं, सरकार गेलं, लेखणी तेवढी घरात राहिली, असं बाबा ऐटीत सांगायचे. त्यांनी ती कचेरीच्या आवारातल्या कडुनिंबाखाली आणून टेकवली. एक टेबल, एक हिंदी टाइपरायटर, त्याच्यावर पिवळं फडकं, आणि समोर एक स्टूल. देवास गेटवर बसमधून उतरलेली खेड्यापाड्यांतली माणसं विचारत विचारत यायची, ‘वो मराठी बाबूजी कठे बैठे?’ कुणाचा हँडपंप बंद, कुणाची पेन्शन अडकलेली, कुणाच्या बांधावर भाऊबंदाने नांगर फिरवलेला. शाळा सुटली की मी तिथंच जायची. घर लांब पडायचं, आणि बाबांच्या टेबलाखाली सावली चांगली होती.

टाइपरायटरचा तो खट खट आवाज, ओळ संपली की होणारी टिंग, वरून पडणाऱ्या निंबोळ्या, समोरच्या ठेल्यावरून येणारा पोह्यांचा आणि त्यावरच्या जीरावन मसाल्याचा वास. कार्बन पेपरने निळी झालेली माझी बोटं. आई म्हणायची, ‘ही पोरगी शाळेत जाते की रंगाऱ्याकडे?’ आजही कुठं पोह्यांवर जीरावन भुरभुरलं की मला शाई आठवते. पुण्यात एका मैत्रिणीला हे सांगितलं तर ती म्हणाली, तुमच्या उज्जैनची माणसं जरा वेगळीच आहात. असू. आहोतच.

बाबांची पद्धत ठरलेली होती. माणूस स्टुलावर बसला की आधी पाणी. मग, ‘बोलो।’ तो भडाभडा बोलायचा. बाबा फडक्याने टाइपरायटर पुसत राहायचे. ‘अब फिर से बोलो।’ तो पुन्हा सांगायचा. ‘एक बार और।’ तिसऱ्यांदा सांगताना माणसाचा आवाज उतरायचा, आणि तेव्हा बाबा कागद चढवायचे. मला ते म्हणाले होते, ‘सुमे, पहिल्यांदा माणूस राग सांगतो. दुसऱ्यांदा शेजाऱ्यांनी शिकवून पाठवलेलं असतं ते सांगतो. तिसऱ्यांदा दमतो, मग झालं काय ते सांगतो.’ आणि टाइप झाल्यावर, अंगठा किंवा सही घ्यायच्या आधी, पूर्ण कागद मोठ्याने वाचून दाखवायचे. समोरच्याने ‘बराबर है’ म्हटल्याशिवाय तो कागद त्या टेबलावरून हलायचा नाही. अगदी साहेबाचा माणूस घाई करत उभा असला तरी नाही.

मी बारावीला होते तेव्हा आमच्याही घरात एक फॉर्म आला. बाहेरगावी शिकायची पूर्ण सोय करणारी एक संस्था होती. फी, राहणं, जेवण, सगळं. ती मिळाली तर मी भूगर्भशास्त्र शिकायला जाणार, नाही मिळाली तर गावातल्याच कॉलेजात जो विषय मिळेल तो घेणार. घरात हे कुणी तोंडाने बोललं नाही, पण तिघांनाही ठाऊक होतं. मार्क होते. अडलं होतं ते त्या पाचशे शब्दांपाशी. स्वतःबद्दल लिहा.

रविवारी सकाळी बाबा पोह्यांची बशी घेऊन माझ्यासमोर बसले. धंद्यातला माणूस, घरचंच काम. खुशीत होते.

‘आधी सांग, यात तकलीफ काय लिहून राहिलीस?’

‘तकलीफ कसली बाबा? स्वतःबद्दल लिहायचंय.’

‘अगं, अर्जात तकलीफ लागते. बिनतकलीफीचा अर्ज साहेब वाचतसुद्धा नाही, उलटा करून त्यावर चहाचा कप ठेवतो. तीस वर्षं मी काय गवत उपटलं तिथं?’

आम्ही दोघांनी मिळून घरभर तकलीफ शोधली. खरं सांगते, सापडेना. घर लहान होतं पण गळत नव्हतं. आई शिकवण्या करायची, हसतमुख होती. बाबांना सुपारीचंसुद्धा व्यसन नव्हतं. मी तर म्हटलं, ‘तुम्ही जरा तरी वाईट वागायला पाहिजे होतं.’ बाबा गंभीर झाले. अर्जाचा विषय निघाला की त्यांची थट्टा संपायची.

‘मला दारुडा लिही,’ ते म्हणाले. ‘चालेल.’

‘काहीही काय!’

‘बरं, आजारी लिही. थांब, थांब. असं लिही की बापाचा उजवा हात गेला. लकवा. टाइप करता येत नाही, धंदा बसला. एकदम पक्की केस होते ती!’ आणि उजव्याच हाताने त्यांनी शेवेचा बकाणा भरला.

आई आतून तरातरा बाहेर आली. तिच्या हातात लाटणं होतं, ते तिने बाबांवरच उगारलं. ‘जीभ झडत नाही तुमची? भरल्या घरात बसून असं बोलावं? वास्तू तथास्तु म्हणत असते!’

‘वास्तूला इंग्रजी येत नाही,’ बाबा म्हणाले. ‘फॉर्म इंग्रजीत आहे.’

आम्ही दोघं पोट धरधरून हसलो. आई हसली नाही. संध्याकाळी तिने देवापुढे दिवा लावला आणि नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ तिथं उभी राहिली. ते मी पाहिलं, आणि तरीही लिहायला बसले.

आणि काय सांगू, लेखणी अशी धावली! बाबांचा लुळा हात, त्यावर घोंगावणाऱ्या माशा, गंजून गेलेला टाइपरायटर, मी त्यांना भरवते आहे. शब्दकोश उघडून कठीण कठीण इंग्रजी शब्द शोधले. वाचता वाचता माझं मलाच रडू आलं. सतरा वर्षांची होते, आपण लिहिलेल्यावर आपल्यालाच रडू येतं म्हणजे ते खरं असणार, असं वाटायचं ते वय. आज मुलांचे कागद वाचताना ती सुमी मला ओळीओळीत भेटते. म्हणून मी त्यांच्यावर फार रागावू शकत नाही.

दुसऱ्या दिवशी शाळेतून थेट कडुनिंबाखाली गेले. कागद लिफाफ्यात घालून बाबांकडून पत्ता टाइप करून घ्यायचा आणि देवास गेटच्या बाजूच्या पोस्टातून रजिस्टर्ड करायचं, असं ठरलं होतं. बाबांसमोर स्टुलावर लाल लुगड्यातली एक म्हातारी बसली होती, हँडपंपाचा अर्ज लिहून घ्यायला. तिचं एकदा सांगून झालं होतं. बाबा तिला म्हणाले, ‘माँजी, दो मिनट।’ मग माझ्याकडे वळले. ‘वाच.’

‘बाबा, इंग्रजीत आहे.’

‘मग मराठीत सांग. कागद वाचून दाखवल्याशिवाय इथून जात नाही. तुला काय वेगळा कायदा?’

मी वाचायला लागले. एक एक वाक्य मनात फिरवून मराठीत सांगत होते. आदल्या दिवशी रडवणारं ते सगळं उन्हात, निंबोळ्यांच्या कचऱ्यात उभं राहून मोठ्याने म्हणताना जीभ जड व्हायला लागली. लुळा हात आला. माशा आल्या. मी भरवते तेही आलं. म्हातारीला मराठी थोडंफार समजत असावं, कारण ती माझ्या तोंडाकडे बघता बघता एकदम उठली, टेबलावरून वाकली आणि बाबांचा उजवा हात तिने दोन्ही हातांत धरला. उलटा केला, सुलटा केला, बोटं एकेक दाबून पाहिली. मग माझ्याकडे वळून म्हणाली, ‘छोरी, थारा बाप को हाथ तो चोखो है!’

मला जमिनीत शिरावंसं वाटलं. आजूबाजूचे टायपिस्ट हसले. बाबा हसले नाहीत. त्यांनी त्यांच्या नेहमीच्याच आवाजात मला विचारलं, ‘बराबर है?’

हा प्रश्न मी त्या टेबलाखाली बसून हजारदा ऐकला असेल. अंगठेबहाद्दर माणसं, डोळ्यांनी अधू बायका, सगळे ताठ होऊन ‘बराबर है’ म्हणायचे. माझ्या तोंडातून ते येईना. मी मान हलवली, नाही म्हणून.

‘मग बस रांगेत. माँजीचं झालं की तुझा नंबर.’

बाप म्हणून एक शब्द बोलले नाहीत. म्हातारीचं तिसऱ्यांदा सांगून झालं, अर्ज झाला, वाचून झाला, ती ‘बराबर है’ म्हणाली, अंगठा उमटवून गेली. जाताना माझ्या डोक्यावर हात ठेवून गेली. तेव्हा मला तिचा इतका राग आला होता! आता वाटतं, त्या बाईचं नावगाव विचारून ठेवायला हवं होतं. माझ्यावर ज्यांचे उपकार आहेत त्यांत तिचा नंबर फार वर आहे, आणि मला तिचं गावसुद्धा माहीत नाही.

मी स्टुलावर बसले. बाबांनी पाण्याचा ग्लास पुढे केला. ‘बोला.’ चक्क अहो-जाहो! मी पहिल्यांदा बोलले तेव्हा रडतच बोलले, की असले प्रश्न विचारणारी माणसंच दुष्ट असतात, आणि तुम्हीच तर म्हणालात तकलीफ लिही. बाबा टाइपरायटर पुसत राहिले. ‘फिर से।’ दुसऱ्यांदा मी गाइडमधलं बोलले, लहानपणापासून विज्ञानाची आवड, देशाची सेवा. ‘एक बार और।’

तिसऱ्यांदा मी दमले होते. मी म्हटलं, बाबा, मी तुमचे कार्बन वाचते. टेबलाखाली बसून जुन्या फायली वाचते. हँडपंपाचे अर्ज. आधी लोक लिहायचे साठ फुटांवर पाणी होतं, ते गेलं. मग दीडशे फुटांवरचं गेलं. आता या माँजी म्हणतात पाचशे फुटांवरही धूळच निघाली. दरवेळी तुम्ही तेच वाक्य टाइप करता, फक्त आकडा बदलतो. मला ते पाणी कुठं गेलं ते बघायचंय. बस. एवढंच आहे. बाकी मला काही दुःख नाही. तुम्ही आहात, आई आहे, मी खूप मजेत वाढले.

बाबांचं फडकं थांबलं. त्यांनी माझा तो इंग्रजी कागद घेतला, उलटा केला, आणि मागच्या कोऱ्या बाजूवर मी बोलले ते जसंच्या तसं उतरवलं. मग वाचून दाखवलं. या वेळी मी म्हटलं, ‘बराबर है.’

‘यात तकलीफ कुठाय?’ त्यांनी विचारलं. चेहरा पडला होता बिचाऱ्यांचा.

‘नाहीये.’

‘नाही मिळणार गं मग,’ ते हळूच म्हणाले. पण त्यात त्यांनी एक शब्द घातला नाही की एक काढला नाही. मी त्याचंच साध्या इंग्रजीत केलं. पोस्टाच्या खिडकीवर लिफाफा देताना बाबांनी खिशातला पेन काढला, परत ठेवला, पुन्हा काढला. काहीतरी एक ओळ जोडावी असं त्यांना फार वाटत असणार. बिनतक्रारीचा अर्ज त्यांच्या हातून त्याआधी कधी गेला नव्हता. तेही पोरीच्या आयुष्याचा.

सोय झाली. गव्हाच्या काढणीच्या सुमारास पत्र आलं तेव्हा आईने सगळ्या आळीला पेढे वाटले, आणि बाबा ते पत्र हातात घेऊन कितीतरी वेळ व्हरांड्यात बसले. शेवटी म्हणाले, ‘मंजूर कसा केला? साहेब नवीन दिसतो.’

त्या पत्रावर मी शिकले. परत येऊन इथंच कॉलेजात शिकवते. उन्हाळ्यात विद्यार्थ्यांना घेऊन विहिरींची पाणीपातळी मोजत हिंडते. ज्या गावांची नावं मी कार्बनवर वाचली होती त्या गावांत जाते. अजून पाणी कुठं जातं ते मला थोडंसंच कळलंय. पण विचारायची सवय लागली, आणि ती लावणारी माणसं मला घरबसल्या मिळाली. याहून जास्त काय मागावं माणसाने.

गेल्या श्रावणात बाबांना झटका आला. सकाळी चहाचा कप त्यांच्या हातातून सुटला. वाचा वाचली, पाय वाचला. उजवा हात गेला.

दवाखान्याच्या बाकावर बसल्या बसल्या मला तो कागद शब्दन् शब्द आठवला. लुळा हात. माशा. लकवा या शब्दासाठी शब्दकोशात शोधलेला तो इंग्रजी शब्द डॉक्टर सहज बोलून गेले. कागद मी पाठवला नव्हता, हे कितीदा तरी स्वतःला सांगितलं. पण लिहिला तर होता ना. रंगवून रंगवून, चवीने लिहिला होता. आई माझ्या शेजारी बसली होती. ‘मी म्हटलं होतं’ असं तिने तेव्हा म्हटलं नाही आणि आजतागायत म्हटलेलं नाही. मला ठाऊक आहे तिला आठवतंय. ती फक्त माझ्या हातावर थोपटत राहिली. आई, तुझं हे न बोलणं मी विसरायची नाही.

बाबांशी मात्र मी त्या कागदाबद्दल बोलू शकले नाही. रोज त्यांचा तो हात चोळून देते, बोटं एकेक उघडते, मिटते. त्या लाल लुगड्यातल्या म्हातारीने केलं होतं तसंच.

तर यंदा दसऱ्यानंतर घरात मुलांच्या फॉर्मांबरोबर आणखी एक फॉर्म आला. बाबांना अपंगत्वाचं प्रमाणपत्र हवं. पोर्टलवर सगळं भरलं, फोटो चढवले, आणि शेवटी म्हणे साध्या कागदावर एक अर्ज जोडा, आपल्या शब्दांत. सगळ्या जिल्ह्याचे अर्ज लिहिलेला माणूस, आणि आता त्याचा अर्ज लिहायला मी! रविवारी सकाळी लॅपटॉप घेऊन व्हरांड्यात बसले. बाबांसमोर पाण्याचा ग्लास ठेवला.

‘बोला,’ मी म्हटलं.

त्यांच्या डोळ्यांत लगेच चमक आली. पहिल्यांदा ते जाम भडकले. व्यायाम शिकवायला येणाऱ्या पोराला काही येत नाही, ई-रिक्षावाले गर्दीच्या दिवसांत दवाखान्याकडे यायला तयार होत नाहीत, डॉक्टर मान वर करून बघत नाही.

‘फिर से.’

दुसऱ्यांदा त्यांच्यातला जुना अर्जवाला जागा झाला. ‘लिख। प्रार्थी अत्यंत लाचार, असहाय वृद्ध है, परिवार पर बोझ बन चुका है...’ मी तो ‘बोझ’ टाइप केला नाही.

‘एक बार और, बाबा.’

समोरच्या रस्त्यावरून सोयाबीनची ट्रॉली गेली, आत फोडणीचा आवाज झाला. बाबांनी डाव्या हाताने उजवा हात उचलला, मांडीवर नीट ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं. त्यांना सगळं आठवत होतं. पहिल्या दिवसापासून आठवत होतं, आणि माझ्या मनात काय चाललंय तेही माहीत होतं. इतके महिने ते मी तिसऱ्यांदा विचारायची वाट बघत होते की काय कोण जाणे.

‘लिख,’ ते म्हणाले. ‘सावन से दाहिना हाथ काम नहीं करता। टाइप नहीं कर पाता। प्रमाणपत्र दिया जाए।’ मग म्हणाले, ‘और नीचे लिख, इस हाथ के बारे में प्रार्थी को किसी से कोई शिकायत नहीं है। घर में तो किसी से भी नहीं।’

‘बाबा, असं अर्जात लिहीत नाहीत.’

‘मला शिकवतेस? वाचून दाखव.’

मी आतून कागद छापून आणला आणि वाचला. शेवटच्या ओळीशी माझा आवाज गेला, तरी त्यांनी सोडलं नाही, ती ओळ पुन्हा वाचायला लावली. दारात आई येऊन उभी राहिली होती, पदर तोंडाशी धरून. मी नाक पुसलं आणि त्यांच्याच सुरात विचारलं, ‘बराबर है?’

‘बराबर है,’ बाबा म्हणाले, आणि सही करायला त्यांनी डावा हात पुढे केला.